पद्मिनी घरीच रंगवायची म्हणतोय. पहिलीच वेळ आहे. सल्ले आणि शिव्या दोन्ही चालतील

पिंपळपार
नमस्कार मंडळी,

सासऱ्यांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आहे. इंजिन, ब्रेक, वायरिंग सगळं करून झालं. रविवारी गंगापूर धरणापर्यंत सुखरूप जाऊन येते. राहिलाय तो रंग. मूळचा फिकट निळा, त्यावर मधल्या काळात कुणीतरी मरून चढवलाय, आणि तो आता टपावर आणि बॉनेटवर पापुद्रे धरून सुटतोय.

दोन-तीन गॅरेजांत विचारलं. एकाने सांगितलेल्या आकड्यात जुनी आल्टो दारात येईल. दुसरा म्हणाला, "साहेब, इन्शुरन्सचं काम असेल तर बोला. जुन्या गाडीत आमचा माणूस अडकून पडतो." त्याचंही चूक नाही म्हणा.

तर घरीच करावं असं डोक्यात आहे. इंदिरानगरला घर, शेजारी तीन बाजूंनी बंद पत्र्याची शेड. २५ लिटरचा छोटा कंप्रेसर आहे, टायरमध्ये हवा भरायला घेतलेला. अनुभव म्हणाल तर खिडक्यांच्या ग्रिलला ब्रशने ऑइलपेंट मारलाय, एवढाच. एनसी (नायट्रोसेल्युलोज, थिनर उडून वाळणारा) मारू की पीयू (पॉलियुरेथेन, हार्डनर मिसळून कडक होणारा)? हा कंप्रेसर पुरेल का? नाशकात कुठल्या महिन्यात हे काम काढावं? आणि जुना रंग पार पत्र्यापर्यंत काढायचा की घासून त्यावरच चढवायचा? "नको त्या भानगडीत पडू" म्हणणाऱ्यांनी कृपया कारणही लिहावं.

तर्री_वेगळी
सिंहस्थ २०२७ ला आहे. तोवर होईल असं धरून चाला.

पिंपळपार
@तर्री_वेगळी, २०२७ चा की त्याच्या पुढचा, तेही सांगा म्हणजे घरी तसं कळवतो.

सातपूर_शिफ्ट
वाहनांच्या पेंट शॉपमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

रंग मारणं हे या कामातलं सगळ्यात छोटं काम आहे. गन हातात असते ते काही तास. त्याआधी घासणं, पत्रा, पुट्टी, प्रायमर, पुन्हा घासणं यात आठवडे जातात, आणि कंटाळून लोक तिथेच घाई करतात. चकाकी आली की पुट्टीतली प्रत्येक लाट दिसते. मॅट प्रायमरमध्ये सगळ्याच गाड्या सरळ दिसतात.

सुरुवात लोहचुंबकापासून करा. साधा फ्रिजवरचा चालेल, मऊ कपड्यात गुंडाळा. मागच्या चाकांवरची कमान, दरवाज्यांचा तळ, दरवाज्याखालचा पोकळ पत्रा, डिकीत स्टेपनीखालचा भाग, पुढच्या काचेच्या रबराखालची कड. जिथे चुंबक धरत नाही तिथे जाड पुट्टी आहे, आणि पुट्टीखाली बहुतेक वेळा सडलेला पत्रा. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार उचलते. त्यामुळे दरवाज्याखालचा पत्रा सडला असेल तर तो दिसण्याचा प्रश्न नाही, गाडीच्या ताकदीचा आहे. तो कापून नवा वेल्ड करून घ्या. ते काम तुमचं नाही, चांगल्या डेंटरचं.

जुना रंग काढायचा का, ते रंगालाच विचारा. ब्लेडने बारीक चौकडी कापा, त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. चौकोन पट्टीबरोबर आले तर त्या रंगावर काहीही मारू नका, तुमचा नवा रंगही त्याच्याबरोबर जाईल. तुमच्या वर्णनावरून मरून खालच्या निळ्याला धरूनच नाही. तो पूर्ण काढावा लागेल. निळा घट्ट असेल तर ठेवा, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि त्यावर प्रायमर.

उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवू नका. जेवढं उघडाल तेवढ्याला त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा पहिला थर.

काळाराम_गल्ली
एवढं सगळं करण्यापेक्षा फोम रोलरने सिंथेटिक इनॅमल मारा ना. पातळ करायचा, हलक्या हाताने फिरवायचा, दोन हातांमध्ये वॉटर पेपर. माझ्या मामांनी जीपला असाच मारलाय, पिंपळगावला द्राक्षबागेत फिरते. लांबून फर्स्ट क्लास दिसते.

सातपूर_शिफ्ट
@काळाराम_गल्ली, जीपला चालेल. रोलरने नीट केलेलं काम मी पाहिलंय, हसण्यासारखं नसतं. पण इनॅमल एकदा मारला की तो मार्ग धरला. उद्या वाटलं की वर एनसी किंवा पीयू मारू, तर त्यातलं कडक थिनर खालच्या इनॅमलला उचलतं, सगळा पृष्ठभाग सुरकुततो. मग पुन्हा पत्र्यापर्यंत.

देवळाली_कँप
एनसीच मारा. डोळे झाकून.

आमच्या वेळी ड्युकोच, म्हणजे एनसीच, होता आणि गाड्या अशा चमकायच्या की भांग पाडून घ्यावा. एनसीची खुबी अशी की तो थिनर उडून वाळतो, पटकन. धूळ बसायला वेळच मिळत नाही. पातळ पातळ हात मारायचे, भरपूर. ओघळ आला? वाळू द्या, घासा, पुन्हा मारा. चिलट चिकटलं? घासा. शेवटी १५०० आणि २००० चा वॉटर पेपर, मग रबिंग, मग पॉलिश. शिकणाऱ्याला इतकं सांभाळून घेणारा दुसरा रंग नाही. पीयूमध्ये चुकलात की तो दगड झालेला असतो.

तोटे आहेत. उन्हात मंद पडतो, दरवर्षी पॉलिश लागतं, पेट्रोल सांडलं की डाग. पण रविवारची गाडी आहे, शेडमध्ये राहणार आहे.

निदान_आधी
पेशाने डॉक्टर आहे, म्हणून फक्त एका गोष्टीवर लिहिते.

पीयू किंवा टू-के म्हणून जे विकतात त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारताना त्याचे सूक्ष्म थेंब श्वासात जातात. काहींच्या शरीराला त्याचं वावडं तयार होतं, आणि एकदा झालं की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही दमा उसळू शकतो. वासावरून ते कळत नाही, त्यामुळे "वास येत नाही म्हणजे मास्क काम करतोय" हा हिशेब इथे चालत नाही. कापडी किंवा धुळीचा मास्क तर शून्य उपयोगाचा. बाहेरून स्वच्छ हवा नळीने येणारा मास्क, डोळे झाकणारा, हातमोजे, पूर्ण अंग झाकणारा सूट, एवढं हवं. टू-के प्रायमरलाही हेच लागू. घरात दम्याचा माणूस किंवा लहान मूल असेल तर बंद शेडमध्ये हा प्रयोग करू नका.

पिंपळपार यांनी कारण मागितलं होतं, म्हणून दिलं.

गोदाघाट_७
ताई, गॅरेजमध्ये पोरं तोंडाला रुमाल बांधून वर्षानुवर्षं मारतात की. त्यांना काय झालं?

निदान_आधी
@गोदाघाट_७, ज्यांना झालं ते आता गॅरेजमध्ये नाहीत, म्हणून तुम्हाला दिसत नाहीत.

गोदाघाट_७
बरोबर आहे. गप बसतो.

देवळाली_कँप
डॉक्टरीणबाईंच्या म्हणण्याला जोड. एनसीत आयसोसायनेट नाही, पण तो भडका उडवतो. थिनरची वाफ जमिनीलगत साचते. शेडमध्ये कंप्रेसर ठेवू नये, स्विच चालू-बंद करू नये, साधा टेबल पंखा वाफेच्या वाटेत लावू नये. त्या मोटारीची ठिणगी पुरते. आणि एनसीलाही वाफेचा मास्क लागतोच. आमच्या वेळी आम्ही लावला नाही हे काही भूषण नाही.

बटाटा_भजी_उड
काय भो, डुक्कर फियाट रंगवताय म्हणजे तुम्ही खरे शौकीन!

जुनी_वही
@बटाटा_भजी_उड, डुक्कर फियाट वेगळी. ती आधीची गोलमटोल ११००, पुढचे दरवाजे उलटे उघडायचे. त्यानंतर १९६४ ला चौकोनी अंगाची ११०० डिलाइट आली, मग प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी. सगळ्या कुर्ल्याच्या कारखान्यातल्या, इंजिन १०८९ सीसीचं. पद्मिनीला डुक्कर म्हणणं हा चितोडच्या राणीचा अपमान आहे.

बटाटा_भजी_उड
माफी राणीसाहेब.

कसारा_उतार
मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा खरंच वाईट वाटलं. स्टिअरिंगला गिअर, पुढे अखंड बाकडं, तिघं बसायचे. आमच्या चाळीतला टॅक्सीवाला दसऱ्याच्या आधी घरासमोर स्वतः रंगवायचा. ब्रशने. काळा-पिवळा दोन्ही. धागाकर्त्याने तेवढं तरी करावं.

चांदवड_घाट
धाग्याचा विषय रंग आहे म्हणून विचारतो, आरसीवर कुठला रंग लिहिलाय? मरून केला तेव्हा नोंद बदलली होती का? रंग बदलला तर आरटीओत अर्ज करून आरसीवर चढवून घ्यावा लागतो. नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी नेली आणि कागदावर एक, दारात एक, तर साहेब परत पाठवतात.

पिंपळपार
@चांदवड_घाट, आत्ता आरसी काढून बघितली. निळाच आहे! म्हणजे इतकी वर्षं आम्ही मरून गाडी निळ्या कागदावर फिरवतोय. चला, रंग कुठला हा घरातला वाद मिटला. बायकोला क्रीम हवा होता.

चांदवड_घाट
५० वर्षं पूर्ण झाली की २०२१ च्या नियमाने व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळू शकतो. तुमची २०३६ ला. तोवर रंग वाळेल.

तर्री_वेगळी
@चांदवड_घाट, एनसी वाळेल. पीयूचं सांगता येत नाही.

त्र्यंबक_रोड_पेंट
निळा शेड जुळवायचा असेल तर बाहेरच्या पत्र्यावरून जुळवू नका, ऊन खाऊन तो बदललेला असतो. दरवाज्याच्या रबराखाली, डिकीच्या आत, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे मूळ रंग सापडेल. तिथला हाताच्या पंजाएवढा भाग आधी रबिंगने उजळवा, मग दुकानात दाखवा. दुकानदार मिक्सिंग करून देईल, पण डबा घरी आणण्याआधी पत्र्याच्या तुकड्यावर मारून, वाळवून, उन्हात आणि सावलीत दोन्हीकडे धरून बघा. ओला रंग आणि वाळलेला रंग एक नसतो.

साधा सॉलिड रंग आहे हे तुमचं नशीब. मेटॅलिक असता तर पहिल्या वेळेला हात जोडून नको म्हणालो असतो. त्यात गन जरा कमी-जास्त झाली की ढग उमटतात. आणि सगळा रंग एकदम घ्या. थिनर धरून चारेक लिटर फवारायचा माल बाहेरच्या अंगाला लागेल, एनसीला जास्तच, कारण तो पातळ करून मारतात. कमी पडला आणि दुसऱ्यांदा बनवून आणला तर दरवाजा एक आणि मडगार्ड दुसरं दिसेल.

एअर_फिल्टर
कंप्रेसरवर कुणीच बोललं नाही. २५ लिटरच्या छोट्या मशीनला मिनिटाला तीन ते पाच घनफूट हवा मिळाली तरी पुष्कळ. चांगल्या एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाबाच्या) गनला त्याच्या दुपटीहून जास्त लागते. अर्धा दरवाजा होईपर्यंत हवेचा दाब उतरतो, फवारा जाड होतो, ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) येतं, आणि माणूस म्हणतो माझा हात वाईट. हात नाही, हवा वाईट.

उपाय दोन. कमी हवेवर चालणारी एलव्हीएलपी गन घ्या आणि एका वेळी एकच पॅनेल करा. किंवा मोठा कंप्रेसर भाड्याने आणा, आधी घरच्या वायरिंगला झेपतो का बघून. कुठलाही असो, पाणी गाळणारा फिल्टर गनच्या अलीकडे हवाच. पाइप लांब ठेवा, हवा थंड होऊन पाणी फिल्टरमध्ये पडतं. रंगाला १.३ किंवा १.४ चं नोझल, प्रायमरला १.७ च्या आसपास. गन पत्र्यापासून वीतभर, सरळ रेषेत, मनगट न वळवता, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या निम्म्यावर.

सिडको_चेतक
मी गाडी नाही, बजाज चेतक रंगवलीय घरी, तीही एनसीने. माझा एकच सल्ला. भंगारवाल्याकडून कुठल्याही गाडीचा एक पिचलेला दरवाजा आणा. त्याच्यावर सगळं करा, पुट्टीपासून पॉलिशपर्यंत. ओघळ कधी येतो, किती थिनर लागतं, हे त्या दरवाज्यावर कळतं. चेतकच्या आधी मी एक डबडं मडगार्ड इतक्या वेळा रंगवलं की ते जाड झालं. बाकी, शेजारच्यांशी आधी बोलून घ्या दादा. आमच्याकडे वरच्या मजल्यावरच्या काकूंचे पापड वाळत होते.

सातपूर_शिफ्ट
पापडांवरून आठवलं. एनसीचा उडालेला फवारा हवेतच वाळून पूड होतो, फडक्याने निघतो. पीयूचा ओलाच तरंगत जातो आणि जिथे बसेल तिथे पक्का बसतो. शेजाऱ्याची पांढरी गाडी उभी असेल तर आधी तिला हलवा.

काळाराम_गल्ली
पापडाला कुठला हार्डनर लागतो?

निफाड_थंडी
महिन्याचं मी सांगतो. पावसाळ्यात नाव काढू नका. एनसीचं थिनर भरकन उडतं, पत्रा गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंग पांढुरका होतो. रिटार्डर (हळू उडणारं) थिनर थोडं सांभाळून घेतं, पण जुलैतल्या नाशकाला कुठलाच रिटार्डर पुरत नाही. मार्चनंतर वारा आणि धूळ. त्यात शेडची चौथी बाजू उघडी.

दिवाळी ते फेब्रुवारी उत्तम, पण सकाळी नाही. रात्री पारा दहाच्या खाली जातो, पत्रा दवाने ओला असतो आणि हात लावल्याशिवाय कळत नाही. ऊन चढून पत्रा कोमट झाला की अकराच्या पुढे सुरू करा, तीन-साडेतीनला गन खाली ठेवा. संध्याकाळचा ओला रंग दवात सापडला की चकाकी गेलीच. पीयूलाही पंधरा अंशांखाली नीट पकड येत नाही. जमिनीवर पाणी मारून ठेवा, धूळ बसते. फक्त डबकी नकोत.

पिंपळपार
बापरे, केवढी माहिती. सगळ्यांचे आभार.

प्रगती सांगतो. सगळं सामान उतरवलं: बंपर, दिवे, कडेच्या क्रोमच्या पट्ट्या, आतली गादी. चुंबक डाव्या मागच्या कमानीवर अजिबात धरला नाही. खरवडलं तर करंगळीएवढी जाड पुट्टी निघाली आणि तिच्या आत, विश्वास ठेवा, वर्तमानपत्राचा बोळा. दरवाज्याखालचा डावा पत्राही गेलाय. डेंटरशी बोललोय, तो घरी येऊन वेल्ड करून देणार.

आता प्रश्न, मरून काढताना पाणी लावून घासायचं की कोरडं? यूट्यूबवर दोन्ही सांगतात.

सातपूर_शिफ्ट
रंग पाण्याने, पुट्टी कोरडी. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडा घासला तर ती धूळ नाकात आणि घरात. पण पॉलिएस्टर पुट्टी पाणी पिते. ओली घासलीत तर ते पाणी आत राहतं आणि पुढच्या पावसाळ्यात फोड म्हणून बाहेर येतं. म्हणून पुट्टी मास्क लावून कोरडी घासा, ८० ने आकार, १८० ने सफाई. रंगाआधी शेवटचा वॉटर पेपर प्रायमरवर, ६०० किंवा ८००. हाताने नाही, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. बोटांनी घासलं की बोटांच्याच खाचा पडतात.

वर्तमानपत्र कुठल्या सालचं होतं?

पिंपळपार
तारीख गेलीय, पण सोयरिकीच्या जाहिराती शाबूत आहेत.

सिडको_चेतक
त्यातली एखादी पोरगी आता आजी असेल.

निदान_आधी
घासल्याचं पाणी कढीपत्त्याच्या आळ्यात सोडू नका. हसताय, पण लोक सोडतात.

एअर_फिल्टर
एक राहिलं. डॅशबोर्डला, टायरला मारायची चकाकीची पॉलिशं शेडमधून बाहेर काढा. त्यात सिलिकॉन असतं. हाताला लागलेलं पत्र्यावर आलं तर रंग तिथून मागे सरकतो आणि गोल खळगे पडतात. रंगाआधी वॅक्स-ग्रीज रिमूव्हरने पुसायचं, एका फडक्याने लावायचं, वाळायच्या आत दुसऱ्या स्वच्छ फडक्याने टिपायचं.

ओझर_धावपट्टी
सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे. घासणं, एपॉक्सी, प्रायमर घरी करा, पण शेवटचा रंग बूथ (रंगाची बंद, धूळमुक्त खोली) असलेल्या पेंटरकडून पीयू मारून घ्या. मेहनतीचे पैसे वाचतात आणि फिनिश दहा-पंधरा वर्षांचं मिळतं. एनसी मारून दरवर्षी रबिंग करत बसायचं, मग पाच-सात वर्षांनी रंग पातळ होऊन प्रायमर दिसायला लागतो. कशाला?

देवळाली_कँप
कशाला म्हणजे? त्याला रंगवायचीय. धाग्याचं नाव वाचा.

ओझर_धावपट्टी
वाचलंय काका. रंगवायची हौस वेगळी आणि सासऱ्यांची गाडी वेगळी. हौस भंगारातल्या दरवाज्यावर भागवता येते.

सातपूर_शिफ्ट
दोघांचंही पटतं, पण ओझरकरांच्या वाटेत एक खड्डा आहे. दुसऱ्याच्या प्रायमरवर रंग मारायला चांगला पेंटर नाखूश असतो. उद्या फोड आला तर तो म्हणणार प्रायमर तुमचा, तुम्ही म्हणणार रंग तुझा. म्हणून पेंटर आधी ठरवा. तो वापरतो त्याच कंपनीचा एपॉक्सी आणा, तो सांगेल तिथपर्यंतच घासा. आणि प्रायमर मारल्यावर महिने घालवू नका. प्रत्येक एपॉक्सीला वरचा थर द्यायची मुदत डब्यावर लिहिलेली असते. ती टळली तर पुन्हा घासावं लागतं.

पिंपळपार
डेंटरचं काम झालं. नवा पत्रा बसला, एपॉक्सी मी ब्रशने मारला, डब्यावर चालतं असं लिहिलं होतं. घाटावरच्या भंगारातून पद्मिनीचाच नाही पण एक दरवाजा मिळाला, त्यावर एनसीचा सराव सुरू आहे. मोठा कंप्रेसर भाड्याने ठरवलाय.

ठरवलंय असं: डिकीच्या आत, दरवाज्यांच्या कडा, बॉनेटच्या खालची बाजू, हे सगळं एनसीने मीच मारणार. थंडी आहे तोवर. ते बघून बाहेरचं अंगही मीच मारायचं की नाही ते ठरेल. पीयू घरी नाही, हे मात्र पक्कं. पुढच्या काचेचं रबर काढू की टेप लावून भागवू?

त्र्यंबक_रोड_पेंट
काढा. रबराच्या कडेला टेप लावून मारलेला रंग तिथूनच सुटायला लागतो, आणि गंज नेहमी रबराखालीच दडलेला असतो. पण नवं रबर हातात आल्याशिवाय जुनं कापू नका. पद्मिनीचं रबर मागितलं त्या दिवशी मिळेल असं नाही.

जुनी_वही
दरवाजे उतरवणार असाल तर बिजागरीभोवती आधी खिळ्याने रेघ ओढून ठेवा, पेनची खूण थिनरने जाते. आणि दरवाज्याच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती प्रायमर-पुट्टीत बुजलेली असतील तर मोकळी करा. तुमचा सडलेला डावा पत्रा बहुतेक त्यामुळेच गेला असेल.

पिंपळपार
@जुनी_वही, बघितलं. चारपैकी तीन दरवाज्यांची बुजलेली आहेत. रेघा आज संध्याकाळी ओढतो.